लघवीची जळजळ, साखर आणि मेडिकलमधल्या चार गोळ्या

वस्तीत कुणाला लघवीला जळजळ सुरू झाली की पहिली फेरी दवाखान्यात होत नाही, मेडिकलच्या दुकानात होते. ओळखीचा मुलगा पट्टीतून चार गोळ्या कापून देतो. दोन दिवसांत आराम पडतो. उरलेल्या दोन गोळ्या डब्यात जातात आणि महिन्याभराने शेजारीण विचारायला आली की तिला दिल्या जातात. धडधाकट माणसाचे यात एखादे वेळी निभावून जाते. मधुमेह असलेल्याचे निभावत नाही.

ओळखीतल्या एका मावशींचे सांगतो. वय पंचावन्न, दहा वर्षांपासून साखर, चार घरची धुणीभांडी. वर्षभरात चार वेळा जळजळ झाली आणि चारही वेळा त्यांनी दुकानातूनच गोळ्या आणल्या. पाचव्या वेळी थंडी वाजून ताप भरला, पाठीत कमरेच्या वर एका बाजूला कळ उठली, उलट्या सुरू झाल्या. जंतू किडनीपर्यंत चढले होते. लघवीच्या कल्चर रिपोर्टमध्ये तोंडाने घ्यायच्या जवळजवळ सगळ्या औषधांसमोर ‘आर’ हे अक्षर होते, म्हणजे ते औषध या जंतूवर चालत नाही. दहा दिवस शिरेतून इंजेक्शने घ्यावी लागली. मावशी वाचल्या, पण चारपैकी दोन घरची कामे गेली.

हा जंतू सार्वजनिक शौचालयातून लागतो असा आपल्याकडे पक्का समज आहे. खरे तर तो बहुतेक वेळा आपल्याच आतड्यातला असतो. त्याचे नाव ई. कोलाय. आतड्यात तो गुमान राहतो, मूत्रमार्गात शिरला की दुखणे उभे करतो. बाईचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा, म्हणून बायकांना हा त्रास जास्त. शौचानंतर धुताना हात पुढून मागे न्यावा, एवढे घरातल्या मुलींनाही सांगून ठेवावे. शौचालयाचा दोष निराळा आहे. ते लांब असते, रांग असते, रात्री दिवा नसतो. म्हणून आपल्या मायबहिणी संध्याकाळनंतर पाणीच पीत नाहीत आणि लघवी तासन् तास धरून ठेवतात. तुंबलेल्या लघवीत जंतू वाढतात. याला बाईचा निष्काळजीपणा म्हणणाऱ्याने रात्री दोन वाजता त्या अंधारातून एकदा जाऊन यावे.

मधुमेहात याच्यावर आणखी भर पडते. साखर सतत वाढलेली राहिली की जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात. मधुमेह जुना झाला की मूत्राशयाच्या नसा बधिर होतात. मग पिशवी भरल्याचे कळत नाही आणि ती पूर्ण रिकामीही होत नाही. अशांनी लघवीची भावना नसली तरी दर तीन-चार तासांनी जावे आणि झाल्यावर मिनिटभर थांबून पुन्हा प्रयत्न करावा. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. गोळ्या चांगल्या आहेत, हृदय आणि किडनीही सांभाळतात, पण त्यांनी जागेवर बुरशीची खाज येऊ शकते. तिला जंतूचा संसर्ग समजून अँटिबायोटिक घेतले तर ती वाढते. ताप-उलट्या असताना यातली गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधी तेच सांगावे.

आता गोळ्या ‘लागू पडत नाहीत’ म्हणजे काय? अँटिबायोटिकने कमजोर जंतू मरतात, चिवट उरतात, आणि मोकळी झालेली जागा तेच व्यापतात. आतड्यातसुद्धा हेच घडते. म्हणजे सर्दीसाठी उगाच घेतलेली गोळी पुढे लघवीच्या दुखण्यात आडवी येते. सिप्रोफ्लॉक्सासिन आणि नॉरफ्लॉक्सासिन एके काळी या दुखण्यावरची हुकमी औषधे होती. आज आपल्या मोठ्या रुग्णालयांत सापडणाऱ्या बहुतेक ई. कोलायवर सिप्रोफ्लॉक्सासिन चालत नाही. शिवाय या जातीच्या औषधांनी मधुमेहींची साखर एकदम वरखाली होते. ग्लिमेपिराइड घेणाऱ्याची तर ती इतकी उतरू शकते की शुद्ध हरपावी.

जानेवारी २००८ मध्ये स्वीडनमधल्या एका रुग्णालयात भारतीय वंशाच्या ५९ वर्षांच्या मधुमेही गृहस्थांची लघवी तपासली गेली. त्याआधी ते नवी दिल्लीच्या रुग्णालयात होते. त्या लघवीतल्या जंतूने शेवटची राखीव मानली जाणारी इंजेक्शनेही निकामी केली होती. ही ताकद देणाऱ्या घटकाला दिल्लीचेच नाव मिळाले, आणि त्यावर आपल्याकडे बराच संताप झाला. २०११ मध्ये दिल्लीच्या पाण्याची तपासणी प्रसिद्ध झाली. पिण्याच्या पाण्याच्या ५० नमुन्यांपैकी २ मध्ये आणि साचलेल्या, झिरपलेल्या पाण्याच्या १७१ पैकी ५१ नमुन्यांत तोच गुण सापडला. तेव्हा सगळा दोष रुग्णाच्या माथी मारता येत नाही. गटार आणि नळाची लाइन शेजारी ठेवणाऱ्यांचाही त्यात वाटा आहे. दुकानदाराचाही आहे. १ मार्च २०१४ पासून सेफिक्सिमसारखी औषधे एच-वन सूचीत आहेत. ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, आणि रुग्णाचे व डॉक्टरांचे नाव दुकानदाराने वहीत नोंदवायचे असते.

आपल्या हातात आहे ते कल्चर. मधुमेही माणसाने जळजळ सुरू होताच, अँटिबायोटिकची पहिली गोळी तोंडात टाकण्याआधी लघवी तपासायला द्यावी. नंतर दिली तर रिपोर्ट फसवा येऊ शकतो. डबी प्रयोगशाळेतूनच घ्यावी, घरातली धुतलेली बाटली चालत नाही. जागा साध्या पाण्याने धुवावी, पहिली धार सोडून द्यावी, मधली धार डबीत घ्यावी, झाकणाला आतून बोट लावू नये. डबी तास-दोन तासांत पोचवावी. रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात. तोवर त्रास जास्त असेल तर डॉक्टर अंदाजाने औषध सुरू करतील आणि रिपोर्ट पाहून गरज पडल्यास बदलतील. म्हणून आराम वाटला तरी रिपोर्ट दाखवायला जावेच. त्यात औषधांची नावे आणि पुढे ‘एस’ किंवा ‘आर’ असते. ‘एस’ म्हणजे औषध चालेल. पण ‘एस’ दिसले म्हणून आपणच औषध निवडू नये. नायट्रोफुरांटॉइन मूत्राशयातल्या जंतूवर चांगले चालते, पण संसर्ग किडनीत चढला असेल किंवा किडनी बरीच कमजोर असेल तर उपयोगाचे नाही. जुने रिपोर्ट साखरेच्या फाइलमध्येच ठेवावेत. मागच्या वेळी काय चालले नाही हे डॉक्टरांना त्यातूनच कळते.

उलट बाजूही आहे. काहीच त्रास नसताना सहज केलेल्या तपासणीत जंतू निघाले, तर मधुमेह असला तरी सहसा औषध लागत नाही. गरोदर बाई मात्र याला अपवाद. रिपोर्ट पाहून घाबरून गोळ्या मागणारे बरेच भेटतात.

थंडी वाजून ताप, बरगडीखाली पाठीत दुखणे, उलट्या, बरळणे किंवा लघवी बंद होणे, यातले काहीही मधुमेही माणसाला झाले तर सकाळची वाट पाहू नये. किडनीत जंतूंमुळे वायू साठणारा एक जीवघेणा आजार आहे, आणि तो बहुतेक मधुमेहींनाच होतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासण्या आणि उपचार निःशुल्क आहेत. कल्चरची सोय लहान रुग्णालयात नसेल तर जिल्हा रुग्णालयात विचारावे. केसपेपर काढतानाच ‘साखर आहे’ हे सांगावे आणि घेतलेल्या गोळ्यांची रिकामी पट्टी सोबत न्यावी.