शगी ओटिसची दुसरी बाजू

शगी ओटिसची ‘इन्स्पिरेशन इन्फर्मेशन’ ही १९७४ची एलपी बारा वर्षं माझ्याकडे आहे. सोल-फंकच्या थोर रेकॉर्डांची नावं निघतात तेव्हा हिचं नाव क्वचितच येतं, आणि ते मला खरंच लागतं. तिने शिकवलेलं इथे मांडतो.

१. रेकॉर्ड उलटायचा कंटाळा करू नका. दोन वर्षं मी पहिलीच बाजू वाजवत होतो. तिच्यावर गाणी आहेत, पाय आपसूक ठेका धरतो. दुसऱ्या बाजूला शब्द जवळपास नाहीतच. एका रात्री ‘प्लिंग!’ लागलं: रिदम मशीनची बारीक टकटक आणि तिच्यावर तरंगणारे कीबोर्डचे मंद सूर. दिवा न लावता तसाच बसून राहिलो.

२. त्या टकटकीला कमी लेखू नका. फंक म्हणजे घाम गाळणारा अख्खा बँड, अशी माझी समजूत होती. विशीतल्या या पोराने ब्रास आणि काही तंतुवाद्यं सोडली तर जवळजवळ सगळं एकट्याने वाजवलं, कित्येक ठिकाणी यंत्राचा ठेका सोबतीला घेऊन. वडील जॉनी ओटिस नावाजलेले बँडप्रमुख, त्यामुळे संगीत घरातच होतं. तरी ही रेकॉर्ड व्हायला जवळपास तीन वर्षं लागली. घाई न केल्याचं प्रत्येक सुरात कळतं.

३. आधी सुई तपासा. शेवटच्या गाण्यात सूर फाटायचे, म्हणून प्रत खराब समजून मी ती विकायला काढली होती. रेकॉर्ड मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, पण मध्याजवळ वर्तुळ लहान होतं. काठावर एका सेकंदाला जेवढी खाच मिळते, तिच्या निम्मीही तिथे मिळत नाही. झिजलेली सुई नेमकी तिथेच उघडी पडते. नवी बसवली आणि ‘नॉट अव्हेलेबल’ स्वच्छ वाजलं.

४. संगीतकार डेव्हिड बर्नच्या लुआका बॉप या लेबलने २००१ साली ही रेकॉर्ड पुन्हा काढली, शगीच्याच आधीच्या ‘फ्रीडम फ्लाइट’ एलपीमधली चार गाणी जोडून. ती गाणी सुंदरच आहेत, पण मी मूळची नऊच ऐकतो.

५. त्या चारांतलं ‘स्ट्रॉबेरी लेटर २३’ १९७७मध्ये ब्रदर्स जॉन्सननी गाजवलं. ते गुणगुणणाऱ्याला मूळ गाणं कुणाचं ते आवर्जून सांगा. मी सांगतो, आणि दुसऱ्या बाजूपासून रेकॉर्ड लावतो. ‘हॅपी हाउस’ दीड मिनिटाच्या आत संपतं. मग ‘रेनी डे’ची गिटार सुरू होते आणि खोलीतलं बोलणं थांबतं.