न विचारता दिलेली मदत

(रविवारच्या शाळेतील मोठ्यांच्या वर्गासाठी पाठ. वाचनासाठी : मार्क १०:४६–५२)



यरीहोच्या रस्त्यावरील आंधळ्या बार्तीमयाची गोष्ट आपण लहान मुलांनाही शिकवतो. ती शिकवताना एका प्रश्नावरून मात्र आपण घाईने पुढे जातो. हा माणूस आंधळा आहे हे सर्वांना दिसत होते. त्याला काय हवे असणार, हे गर्दीतल्या कोणीही सांगितले असते. तरी प्रभूने त्यालाच विचारले, आणि त्याच्या तोंडून उत्तर येईपर्यंत तो थांबला. गर्दीने तर त्याला गप्प राहण्यासाठी दटावले होते.

आता आमच्या मंडळीची हकिकत सांगतो. यात चूक माझीच आहे, कारण मदतनिधीचा हिशेब त्या वेळी माझ्याकडे होता. पोलिओने दोन्ही पाय गेलेला एक तरुण आमच्यात होता. तो हुशार होता, पण घरी बसून असे. तरुण संघाने व भगिनी मंडळाने वर्गणी जमवली आणि नाताळात त्याला शिलाईचे मशीन दिले. टाळ्या झाल्या, फोटो निघाला. पुढे घरभेटीला जाई, तेव्हा पाहावे तर मशीनवर टेबलक्लॉथ, त्यावर रेडिओ. मला वाटे, मुलगा आळशी आहे. दोन वर्षांनी एकदा मी रागानेच बोललो, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "मास्तर, मला शिवण येतं का, हे तुम्ही विचारलंत कुठं?"

त्याला जमाखर्च लिहिण्याचे काम हवे होते, आणि ते त्याने स्वतःच हुबळीच्या लॅमिंग्टन रोडवरील एका दुकानात शोधूनही ठेवले होते. (मुंबईच्या वाचकांचा गोंधळ होऊ नये. त्यांच्या लॅमिंग्टन रोडप्रमाणे आमचा रस्ताही १९०३ ते १९०७ या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांच्याच नावाचा. १९५६ पर्यंत आम्हीही मुंबई राज्यातच होतो.) अडचण दोनच गोष्टींची होती : रोजचे रिक्षाभाडे, आणि दुकानाच्या चार पायऱ्या चढवणारा हात.

मशीन विकून आलेले पैसे त्याच्या हाती द्यावेत असे मी सुचवले, तेव्हा कमिटीत बराच वेळ वाद झाला. पैसे भलतीकडे गेले तर? रिक्षा आपणच ठरवून दिली तर बरे नव्हे का? शेवटी पाळकसाहेबांनी विचारले, "आपल्यापैकी कोणाचा पगार शेजाऱ्याकडे जमा होतो?" मग पैसे त्याच्या हाती गेले. पहिला रिक्षावाला उशिरा येई, म्हणून महिन्याच्या आत त्याने दुसरा ठरवला. हा दुसरा पायऱ्याही चढवून देई. आम्ही रिक्षा ठरवली असती, तर पहिल्यालाच धरून बसलो असतो आणि उशिराबद्दल बोल त्या मुलाला लावला असता.

या विषयात आपल्या मिशनांचा वारसा मोठा आहे, आणि तो वर्गाला अवश्य सांगावा. अमेरिकन मराठी मिशनच्या मिस ॲना मिलार्ड यांनी १९०० साली मुंबईत आंधळ्या मुलांसाठी शाळा काढली. तीच पुढची दादरची शाळा. केडगावच्या मुक्तिसदनात पंडिता रमाबाईंच्या हयातीतच आंधळ्या स्त्रिया ब्रेल वाचीत व हातकाम करीत. ज्यांच्या हाती भिक्षेचा कटोरा यायचा, त्यांच्या हाती काम आले, हे थोडे नव्हे. मात्र काम कोणते, हे बहुधा संस्थाच ठरवी. आंधळा म्हटला की वेताच्या खुर्च्या, पांगळा म्हटला की शिवण, ही सवय समाजाला लागली ती आजवर सुटलेली नाही. सरकारही तिला अपवाद नव्हते. एके काळी अपंगांना टेलिफोनचे बूथ प्राधान्याने मिळत. त्यावर कित्येक घरे चालली. मोबाइल आला आणि बूथ ओस पडले. दुसरे काय येते, दुसरे काय आवडेल, असे त्या माणसांना कोणी विचारून ठेवले नव्हते.

आमच्या सीमेपलीकडे कोल्हापुरात निराळी वाट निघाली. ऐन तरुणपणी कमरेखाली लुळ्या पडलेल्या नसीमा हुरजूक यांनी चाकाच्या खुर्चीतून सरकारी नोकरी केली आणि १९८४ साली सोबत्यांसह 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली. पुढे सिंधुदुर्गात या संस्थेने काजू प्रक्रियेचा कारखानाही काढला. येथे अपंग माणूस केवळ मदत घेणारा नव्हता, ती कशी द्यायची हे ठरवणाराही होता. अमेरिकेत बर्कली येथे १९७२ साली एड रॉबर्ट्स व त्यांच्या मित्रांनी स्वतंत्र जीवन केंद्र काढले, तेही याच विचाराने. रॉबर्ट्स यांना पोलिओमुळे श्वासासाठी यंत्र लागे, पण आपल्या मदतीला कोणाला ठेवायचे हे ते स्वतः ठरवीत. स्वीडनमध्ये तर असा मदतनीस मिळण्याचा हक्क १९९४ पासून कायद्यानेच आहे.

आपल्याकडे मदतनिसासाठी तसा कायदा नाही. परंतु २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील काही गोष्टी शिक्षकांना ठाऊक असाव्यात. त्यात २१ प्रकारचे अपंगत्व मानले आहे. सरकारी नोकऱ्यांत किमान ४ टक्के जागा राखीव आहेत, व त्यासाठी ४० टक्के किंवा अधिक अपंगत्वाचा दाखला लागतो. कागद काढायला सोबत जावे, पण साहेबांशी त्यालाच बोलू द्यावे. याच कायद्यात पालकत्वाविषयीही एक चांगली तरतूद आहे. पुरेसा आधार देऊनही ज्याला निर्णय घेता येत नाही, त्याच्यासाठी नेमलेल्या पालकाने निर्णय परस्पर न घेता त्याच्याशी विचारविनिमय करून घ्यायचा असतो.

वर्गात कोणी विचारील, जो बोलूच शकत नाही किंवा ज्याची समज मंद आहे त्याचे काय? हा प्रश्न टाळू नये. अशा व्यक्तीला दोन-तीन कामे आठवडाभर करू द्यावीत आणि पाहावे. कोणत्या कामावर हात आपोआप जातो, कोणत्या कामाला तोंड फिरते, हेही उत्तरच आहे. ते ऐकायला वेळ लागतो, आणि आईला ते आपल्याआधी कळलेले असते. प्रौढांना "बाळ" म्हणून हाक मारू नये. 'अपंग' म्हणावे की 'दिव्यांग', हेही ज्याचे त्याला विचारावे. आमच्या त्या मित्राला दुसरा शब्द मुळीच आवडत नाही.

तो आता कमिटीवर आहे. गेल्या बैठकीत एका अंध मुलीला कोणते शिक्षण द्यावे, हा विषय निघाला. संगीत, असे एक वडील म्हणाले. टेलिफोन ऑपरेटर, असे मी म्हणालो. इतक्या वर्षांनंतरही! त्याने वही मिटली आणि विचारले, "तिला बोलावलं आहे का?"

बोलावले नव्हते. विषय पुढच्या रविवारवर टाकला.