मागचें दार
(एका मायक्रोकंट्रोलरनें दुसऱ्याची वीज कशी सांभाळावी)

पुढचें दार लावून मागचें उघडें टाकणाऱ्यास आपण सावध म्हणत नाहीं. विजेच्या व्यवहारांतही हीच चूक घडते. ती कशी, तें पाहूं.

समजा, शाळेच्या आवारांत विद्यार्थ्यांनीं पर्जन्यमापक बसविला आहे. त्यांत दोन मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एकेका चिपेंत मावणारीं गणकयंत्रें, ३.३ व्होल्टांवर चालतात. पहिला, ॲटमेगा ३२८पी, पाऊस मोजतो; झोपेंत त्यास कांहीं मायक्रोॲम्पियरच पुरतात. दुसरा, ईएसपी ३२, ती नोंद बिनतारी मार्गानें पाठवितो. त्यास सरासरी ८० मिलिॲम्पियर लागतात असें धरूं. २००० मिलिॲम्पियर-तासांची बॅटरी तो २५ तासांत रिकामी करील. तोच तासांतून एक मिनिट चालविला, तर हिशेबानें ती १५०० तास, म्हणजे सुमारें दोन महिने, पुरेल. म्हणून पहिल्यानें दुसऱ्याची वीज चालू-बंद करावी.

मग पहिल्याच्या पिनेवरूनच ती कां देऊं नये? त्या पिनेची कमाल मर्यादा ४० मिलिॲम्पियर. दुसरा तर संदेश पाठवितांना क्षणभर २०० हून अधिक ओढतो. सुतळीनें मोट ओढण्यासारखेंच तें होईल! यासाठीं मध्यें पी-चॅनेल मॉसफेट योजावा. त्याचा 'सोर्स' ३.३ व्होल्टांच्या पुरवठ्यास, 'ड्रेन' दुसऱ्याच्या वीजपिनेस व 'गेट' पहिल्याच्या पिनेस जोडावा. पिन शून्यावर आणली कीं वीज वाहते, ३.३ व्होल्टांवर नेली कीं थांबते. गेट व सोर्स यांमध्यें १०,००० ओहमचा रोध बसवावा, म्हणजे पहिला जागा होईपर्यंत दुसरा बंदच राहील. मॉसफेट मात्र ३.३ व्होल्टांतच पुरता वाहूं लागणारा निवडावा.

हें झालें पुढचें दार. मागचें दार म्हणजे दोघांमधील संदेशाच्या तारा. सीरियल तार निवांत असतांना वरच्या दाबावर असते. तो दाब दुसऱ्याच्या पिनेमधील संरक्षक डायोडांतून आंत शिरतो. मग वीज तोडूनही दुसरा अर्धवट जागा राहतो, पुन्हां सुरू होतांना अडखळतो, आणि बॅटरी व्यर्थ झिजते.

म्हणून बंद करण्याचा क्रम चुकवूं नये. प्रथम दुसऱ्याकडून 'काम झालें' ही खूण यावी, नाहींतर अर्धी लिहिलेली नोंद बिघडते. मात्र तो अडकलाच, तर वाट पाहण्यास मुदत असावी. नंतर त्याच्याकडे जाणाऱ्या तारा शून्यावर आणाव्या. शेवटीं वीज तोडावी. सुरू करतांना आधीं वीज, मग तारा.

विद्यार्थिमित्रहो, वीज तोडल्यावर दुसऱ्याच्या वीजपिनेवर मल्टिमीटर लावून पाहा. कांटा अथवा आंकडा शून्याजवळ न उतरतां मध्येंच रेंगाळला, तर कोठें तरी मागचें दार उघडें आहे. तें शोधून लावल्याशिवाय यंत्र पावसांत ठेवूं नका.