केसाएवढ्या तारेशी गाठ

१. तांब्यासारखी चमकणारी तार उघडी नसते. मॉडेल रेल्वेच्या इंजिनातल्या दिव्यासाठी मी ०.१ मिलिमीटरची वाइंडिंग वायर वापरतो. तिच्यावरचा इनॅमलचा थर इतका पारदर्शक, की ती सोललेलीच आहे असं डोळे शपथेवर सांगतात. सोल्डर मात्र धरत नाही, गोळी होऊन घरंगळतं. हल्ली आधी मल्टिमीटरला विचारतो. तो वाजला तरच माझ्या डोळ्यांवर विश्वास.

२. इथे ब्लेडपेक्षा उष्णता बरी. रिवाइंडिंगवाले सराईतपणे तार खरवडतात, पण जाड तारेला ते सोसतं. या तारेला जराशी खाच पडली की ती तुटणार, आणि तीही इंजिनाची बॉडी बंद करताना. त्यापेक्षा इस्त्रीच्या, म्हणजे सोल्डरिंग आयर्नच्या, टोकावर सोल्डरचा टपोरा थेंब घ्यायचा आणि तारेचं टोक त्यात बुडवून धरायचं. ६३/३७ सोल्डर १८३ अंशांनाच वितळतं, पण पॉलियुरेथेनचा थर जाळायला आयर्न ३८०च्या आसपास ठेवावं लागतं. थोडा धूर निघतो आणि तार रुपेरी होऊन बाहेर येते. मात्र हे सगळ्या तारांना लागू नाही. जुन्या पंख्याच्या मोटारीतून फुकट मिळालेल्या तारेचा थर बहुधा जास्त चिवट असतो. आमच्या पुणेरी काटकसरीला हा हिशेब पटायला वेळ लागला.

३. माणसाला हात दोनच आहेत. एकात आयर्न, एकात चिमटा. सोल्डर कोण धरणार? म्हणून तार आणि एलईडी, दोन्हीवर आधीच टिनिंग करून, म्हणजे सोल्डरचा पातळ थर चढवून ठेवायचा आणि वरून जरासा फ्लक्स लावायचा. मग नुसता स्पर्श पुरतो. ०४०२ मापाचा एलईडी १ मिलिमीटर लांब नि अर्धा मिलिमीटर रुंद. तो दुतर्फी टेपवर चिकटवावा, नाहीतर एका शिंकेत बेपत्ता. आयर्न सेकंदभरापेक्षा जास्त टेकवायचं नाही. एवढ्या वेळात जमलं नाही, तर थंड होऊ द्यायचं.

४. नाकात जातो तो धूर मुख्यतः फ्लक्समधल्या राळेचा, सोल्डरमधल्या शिशाचा नव्हे. पण राळेनेही दमा लागू शकतो, म्हणून शेजारी छोटा पंखा. शिसं हाताला लागतं, म्हणून काम संपलं की साबण. जेवणाच्या टेबलावरून माझी बदली गॅलरीत झाली, त्यामागे हीच दोन कारणं सांगितली गेली. तिसरं टेबलावरच्या डागाचं होतं.

५. रंगांची सवय झाली की बिनरंगी तार घाबरवते. इंजिनाच्या डिजिटल नियंत्रणासाठीच्या डीसीसी डिकोडरला लाल-काळी रुळांसाठी, नारिंगी-करडी मोटारीसाठी, पांढरी पुढच्या दिव्याला, पिवळी मागच्या, निळी सगळ्यांची सामाईक प्लस. एलईडीच्या दोन्ही तारा मात्र एकाच तांबूस रंगाच्या. मी प्लसच्या तारेला सैल गाठ मारतो. आणि एक किलोओहमचा रेझिस्टर आधी जोडतो, दिवा नंतर.

६. कोथरूडमध्ये जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८मध्ये सुरू झालं. तिथे पूर्वी मी गाड्या बघायचो. आता लायटिंग सुरू झालं की खांबांच्या बुडाशी वाकून बघतो, तार कुठून काढली म्हणून. शेजारच्या पोरांना माझ्यापेक्षा जास्त मजा येते, हे कबूल.

७. एवढं करून दिवा लागतो आणि पाहुणे विचारतात, "शिट्टी मारतं का हो?" मी हसून विषय बदलतो. ते गेल्यावर स्पीकर कुठे बसेल, ते मोजायला घेतो.