उबदार शहरांतील बर्फाळ रस्ते : अटलांटा आणि डॅलसला येणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी

अमेरिकेच्या दक्षिण भागातील अटलांटा, डॅलस, ऑस्टिन या शहरांत स्थिरावलेली मराठी कुटुंबे नव्याने येणाऱ्यांना जे सांगतात, त्यात हिवाळ्यातील वाहनचालनाचा भाग आवर्जून असावा लागतो. कारण या शहरांचा उन्हाळा कडक असल्याने, येथेही हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ धरतो ही गोष्ट नवागताच्या ध्यानी येत नाही. गोंदिया जिल्ह्यातील सालेकसा तालुक्यात माघ पौर्णिमेच्या सुमारास कचारगडच्या गुहांपाशी गोंड समाजाची मोठी यात्रा भरते. त्या यात्रेला गाडी घेऊन गेलेल्या चालकाला पहाटेची थंडी, धुके, जंगलातील वळणे आणि गर्दी यांचा सराव असतो. मात्र गोंदियातील थंडी कितीही बोचरी असली तरी पारा शून्याच्या वरच राहत असल्याने तेथला ओला रस्ता ओलाच राहतो. नेमक्या त्याच जानेवारी-फेब्रुवारीत डॅलस वा अटलांटा येथे पारा शून्याखाली उतरू शकतो, आणि तेव्हा पाण्याबद्दलचा सारा अनुभव अपुरा पडतो.

थोड्या बर्फाने शहर का थांबते

28 जानेवारी 2014 रोजी अटलांटा येथे जेमतेम अडीच इंच हिमवर्षाव झाला, तरीही हजारो लोक रात्रभर महामार्गावर गाड्यांत अडकले आणि अनेक मुलांना शाळेतच मुक्काम करावा लागला. उत्तरेकडील शहरांत एवढ्या हिमाची फारशी दखलही घेतली जात नाही. फरक पडला तो असा की दुपारी शाळा, कार्यालये आणि दुकाने जवळजवळ एकाच वेळी सुटली, रस्ते गाड्यांनी भरले, चाकांखाली दबलेल्या हिमाचा गुळगुळीत बर्फ झाला आणि मीठ पसरणाऱ्या गाड्यांनाही पुढे सरकायला वाट उरली नाही. मीठ पाण्याचा गोठणबिंदू खाली आणते, म्हणून ते रस्त्यावर टाकतात. परंतु जेथे वर्षातून एखाद-दोन दिवसच त्याची गरज भासते, तेथे अशा गाड्या मोजक्याच ठेवलेल्या असतात. म्हणून उबदार शहरात हिम किती इंच पडणार यापेक्षा पारा शून्याखाली केव्हा जाणार, हे पाहणे अधिक महत्त्वाचे ठरते.

बर्फ प्रथम कोठे धरतो

दक्षिणेतील मोठा धोका गोठणाऱ्या पावसाचा असतो. वरच्या उबदार थरातून आलेले थेंब जमिनीलगतच्या थंड थरातून खाली येताना द्रवच राहतात आणि शून्याखालील पृष्ठभागाला स्पर्श होताच गोठतात. त्यातून तयार होणाऱ्या पातळ, पारदर्शक थराला ब्लॅक आइस म्हणतात, कारण त्यातून खालचे काळे डांबर दिसते आणि रस्ता नुसता ओला वाटतो. उड्डाणपूल आधी गोठतात. साध्या रस्त्याला जमिनीची ऊब मिळत राहते, तर पुलाला वरून आणि खालून दोन्हीकडून थंड हवा लागते. 11 फेब्रुवारी 2021 रोजी पहाटे फोर्ट वर्थ येथे आंतरराज्य महामार्ग 35 पश्चिमच्या उंचावरील भागात 133 वाहने एकमेकांवर आदळली आणि सहा जणांचा मृत्यू झाला. त्या रस्त्यावर मिठाचे पाणी आधी फवारले होते. तरीही नंतर पडलेल्या गोठणाऱ्या पावसाने तो निसरडा झाला. सरकारी उपाय झाला आहे म्हणून रस्ता सुरक्षित आहे, असे समजू नये.

आदल्या रात्रीचा निर्णय

राष्ट्रीय हवामान सेवेच्या इशाऱ्यांत ‘ॲडव्हायझरी’ ही सावधगिरीची सूचना असते, तर ‘वॉर्निंग’ म्हणजे गंभीर संकट जवळ आल्याची घोषणा. तापमान फॅरनहाइटमध्ये सांगितले जाते आणि 32 अंश म्हणजे आपले शून्य, हे पक्के लक्षात ठेवावे. वॉर्निंग असल्यास घरून काम करण्याची परवानगी आदल्या दिवशीच मागावी, औषधे आणि दूध घरात आणून ठेवावे आणि पाऊस सुरू होण्यापूर्वी मुलांना घरी आणावे. संक्रांतीचे हळदीकुंकू याच दिवसांत येते. अशा वेळी यजमानांनीच कार्यक्रम पुढे ढकलावा, म्हणजे पाहुण्यांना संकोचापोटी निघावे लागत नाही. गाडीत घोंगडी, पाणी, कोरडा खाऊ, फोनचा चार्जर आणि काचेवरील बर्फ खरवडण्याची पट्टी असावी. काचेवर गरम पाणी ओतू नये, काच तडकू शकते.

निघणे अटळ असेल तर

कोरड्या रस्त्यावर ताशी 50 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी ब्रेक लागल्यावर सुमारे 15 मीटरांत थांबते, तर बर्फावर तिला 100 मीटरांच्या आसपास अंतर लागू शकते. म्हणून वेग खूपच कमी ठेवावा, पुढच्या गाडीपासून नेहमीच्या अनेक पट अंतर राखावे आणि क्रूझ कंट्रोल, म्हणजे गाडीचा वेग आपोआप कायम राखणारी सोय, बंद ठेवावी. घाट उतरताना वळणाआधीच वेग कमी करण्याची सवय येथे उपयोगी पडते. पुलावर चढण्यापूर्वी वेग उतरवावा आणि पुलावर असताना ब्रेक, ॲक्सिलरेटर व स्टिअरिंग यांत अचानक बदल करू नये. गाडी घसरल्यास पाय ॲक्सिलरेटरवरून काढावा आणि जिकडे जायचे आहे तिकडे नजर ठेवून स्टिअरिंग हळुवार वळवावे. चाके जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा असलेल्या गाडीत ब्रेक घट्ट दाबून ठेवावा, पुन्हा पुन्हा मारू नये. चारही चाकांना शक्ती देणारी गाडी सहज पुढे निघते, पण ती लवकर थांबते असे नाही; मोठी गाडी घेतलेल्या नवागताची फसगत बहुधा येथेच होते.

अडकल्यास

महामार्गावर गाडी अडकल्यास शक्यतो आतच थांबावे, धोक्याचे दिवे चालू ठेवावेत आणि 911 या आपत्कालीन क्रमांकावर ठिकाण कळवावे. उबेसाठी इंजिन थोडा थोडा वेळच चालवावे आणि त्यापूर्वी धुराची नळी हिमाने बुजलेली नाही हे पाहावे. 2021 च्या थंडीत टेक्सासमध्ये लाखो घरांची वीज गेली असताना ऊब मिळवण्यासाठी बंद गॅरेजमध्ये गाडी सुरू ठेवल्याने काहींना कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा झाली. या वायूला वास नसतो, म्हणून बंद जागेत इंजिन कधीही चालू ठेवू नये.

स्थिरावलेल्या कुटुंबांची जबाबदारी केवळ सल्ला देण्याने संपत नाही. नुकताच आलेला विद्यार्थी किंवा नवे दांपत्य नोकरी जाईल या भीतीने बर्फातही गाडी काढते. त्यांना आदल्या संध्याकाळी फोन करून वरिष्ठांना काय कळवावे हे सांगणे, किराणा पोहोचवणे आणि वीज गेल्यास आपल्या घरी बोलावणे, हे महाराष्ट्र मंडळांना आणि शेजाऱ्यांना सहज जमण्यासारखे आहे. दक्षिणेत असा बर्फ बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत वितळतो, आणि तेवढे दिवस घरी थांबण्याची सोय नवागताला करून देणे हीच त्याला केलेली खरी मदत होय.