दोन टन दगड आणि उद्याची थंडी

पूर्व फिनलंडमध्ये योएन्सूजवळ आमचं घर आहे. दिवाणखान्याच्या मधोमध शंखजिऱ्याच्या दगडाची फायरप्लेस उभी आहे, वजन दोन टनांच्या आसपास. दगड याच प्रांतातल्या युका भागातला; तिथे त्याच्या खाणीच आहेत. जानेवारीत पारा उणे २५ वर गेला की या धोंड्याची किंमत कळते. नव्याने इकडे घर घेणारी मराठी मंडळी हमखास विचारतात, म्हणून हे लिहून काढलं.

१. जाळ बघून ऊब मोजू नका. विस्तव पेटतो जेमतेम दीड-दोन तास. धूर आधी वर जातो, मग बाजूच्या पोकळ्यांतून खाली उतरतो आणि तेव्हा कुठे चिमणीकडे वळतो. त्या वाटेवर उष्णता दगडात मुरते. बाहेरचा दगड नीट तापतो तो आग विझल्यावर. हिशेब सोपा आहे. दहा किलो सुक्या लाकडात साधारण ४० युनिट उष्णता असते. त्यातली ८० टक्के दगडाने धरली, तर सव्वा किलोवॅटचा हीटर दिवसभर चालू ठेवल्यासारखं झालं.

२. त्यामुळे खिडकीबाहेर न बघता उद्याचं हवामान बघायचं. उद्या कडाका असेल तर आज संध्याकाळीच पेटवा. एप्रिलमध्ये उलट. रात्री हौसेने जाळ केला आणि सकाळी लख्ख ऊन पडलं, तर घरात घाम पुसत बसावं लागतं. दगडाला बटण नाही. विजेच्या भावावरही नजर असू द्या. ५ जानेवारी २०२४ ला इथे संध्याकाळी एका युनिटचा बाजारभाव करासह दोन युरोंच्या वर गेला होता. त्या दिवशी ज्यांच्याकडे सरपण होतं, ते निवांत होते.

३. सरपण बर्चचं, आणि ओलावा २० टक्क्यांच्या आत. हिवाळा सरता सरता फोडायचं, उन्हाळाभर वाऱ्यावर रचून ठेवायचं; वर छप्पर, बाजू मोकळ्या. जाळायच्या आदल्या दिवशी घरात आणायचं. दोन ढलप्या एकमेकींवर आपटा: सुक्या टणटण वाजतात, ओल्या थपकन.

४. हवा कोंडून लाकूड पुरवून पुरवून जाळायची सवय इथे सोडा. जाळ मोठा, हवा भरपूर. पेटवायचंही वरून, म्हणजे खालच्या लाकडातून निघणारा वायू ज्वाळेतून जाताना जळून जातो आणि धूर कमी होतो.

५. चिमणीची झडप. बाकी सगळं विसरलात तरी हे विसरू नका. आग विझल्यावर झडप उघडी राहिली, तर साठवलेली ऊब धुराड्यावाटे निघून जाते. म्हणून हात शिवशिवतो. पण निखारे जिवंत असताना ती लावली, तर कार्बन मोनॉक्साइड घरात भरतो. त्याला ना रंग, ना वास. शेजारचे आजोबा लोखंडी कांबीने राख उलटीपालटी करतात, दिवा मालवतात आणि अंधारात वाकून बघतात. एखादा लाल ठिपका दिसला, की पुन्हा खुर्चीत जाऊन बसतात. निखाऱ्यांवर निळ्या ज्योती नाचत असतील, तर झडपेचा विचारही नको. अलार्म लावाच, पण आजोबांसारखं बघाही.

६. नवी घरं हवाबंद असतात. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट चालू असताना काडी ओढली, तर धूर खोलीत येतो. आधी तो बंद करा, खिडकी किंचित उघडा.

७. राख झाकणाच्या लोखंडी बादलीत, घराबाहेर. तिच्यातला निखारा दोन-तीन दिवससुद्धा धगधगत राहू शकतो. चिमणी वर्षातून एकदा झाडून घ्या.

८. वर भट्टीचा कप्पा असेल तर तो रिकामा ठेवणं हा करंटेपणा. इथले लोक उतरत्या उष्णतेवर रात्रभर मांस शिजवतात, कारेलियन पद्धतीचं, कांदा आणि मिरे घालून. आम्ही काळ्या मसाल्याचं मटण ठेवतो. झाकण घट्ट बसणारं घ्या. नाहीतर सोफ्याच्या उशांना आठवडाभर मसाल्याचा वास येत राहतो, आणि घरी आलेला चिमणी झाडणारा कामाऐवजी पाककृती विचारत बसतो.