जुनी पोथी दुरुस्तीला देताय? आधी हा हिशेब पाहा

घरातली पोथी, मोडी दप्तर किंवा शंभर वर्षांचं पुस्तक दुरुस्तीला देण्याआधी एक गोष्ट ठरवा. मजकूर वाचवायचा आहे की वस्तू? छापील पुस्तक असेल तर ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय (स्थापना १८९३) आणि कल्याणचं सार्वजनिक वाचनालय (१८६४) इथे त्याची प्रत आहे का, ते विचारा. चांगली प्रत किंवा तिचं स्कॅन मिळालं, तर तुमच्या प्रतीवर किती खर्च करायचा ते निवांत ठरवता येईल. हस्तलिखित मात्र बहुधा एकमेव असतं. त्यासाठी पहिला सल्ला ठाण्यातल्याच प्राच्यविद्या अभ्यास संस्थेत घ्या. हस्तलिखितांचा संग्रह हे तिचं कामच आहे.

शास्त्रशुद्ध संवर्धनासाठी मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कला संवर्धन केंद्र, पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था इथे चौकशी करा. पोथी पिशवीत घालून लोकलच्या गर्दीत शिरू नका. आधी फोटो पाठवा: पहिलं पान, सर्वांत खराब पान, शिवण, किडीची भोकं. मग वेळ ठरवून जा.

आता पैसे. छापील दरपत्रक सहसा नसतं. पत्रांची संख्या, आकार, शाई आणि नुकसान पाहून अंदाज मिळतो. वयावरून खर्च ठरत नाही. चिंध्यांच्या हातकागदावरची १७८०ची पोथी लाकडाच्या लगद्यावर छापलेल्या १९३०च्या पुस्तकापेक्षा पुष्कळदा धडधाकट निघते, कारण लगद्याचा कागद स्वतःच्याच आम्लाने तडकतो.

सर्वांत मोठा घोळ मोजणीत होतो. दर ‘पानाला’ सांगितला, तर पान म्हणजे दोन्ही बाजू की एक, हे लिहून घ्या. समजा दर ४० रुपये आहे आणि पोथी २०० पत्रांची आहे. पत्रावर हिशेब केला तर ८,००० रुपये, पृष्ठावर केला तर १६,०००. पुढचा प्रश्न: या दरात काय काय धरलंय? कोरडी सफाई, आम्ल घालवणं, जपानी टिश्यूने डागडुजी, शिवण, बांधणी, आम्लरहित पेटी, स्कॅनिंग ही सगळी वेगवेगळी कामं आहेत आणि बिलात वेगवेगळी येऊ शकतात. जीएसटी, ने-आण आणि विमा वेगळे आहेत का तेही विचारा. मोडीचं देवनागरी लिप्यंतर या कशातच येत नाही. २०२३पासून कुणबी नोंदींच्या शोधामुळे मोडी वाचणाऱ्यांना मागणी वाढली आहे. वाचून घ्यायचं असेल तर फोटो द्या; मूळ कागद मध्यस्थाच्या हाती मुळीच देऊ नका.

काम देताना तीन कागद हवेत: सहीची पोच (पत्रसंख्येसह), आत्ताच्या अवस्थेचा फोटोंसह अहवाल आणि लेखी अंदाजपत्रक. मुदतही त्यातच लिहून घ्या. मोठ्या पोथीला महिने लागतात, त्यामुळे आठवड्यात सगळं करून देतो म्हणणाऱ्यापासून सावध राहा.

स्वस्त मार्ग सर्वांत महाग पडतात. कोपऱ्यावरचं लॅमिनेशन हा तर गुन्हाच समजा. उष्णतेने चिकटलेलं प्लॅस्टिक कागद फाडल्याशिवाय सहसा सुटत नाही. सेलोटेप आणि फेविकॉलही नकोत. साध्या बाइंडरकडे दिलंत तर तो कडा सारख्या करायला यंत्राखाली कापतो आणि समासातल्या टिपा जातात. काजळीची शाई पाण्याने सुटू शकते, म्हणून ओलं फडकं लावू नका. पोथीत चूक झाकायला लावलेला पिवळा लेप बहुधा हरताळाचा, म्हणजे आर्सेनिकयुक्त असतो. पानं उलटल्यावर हात धुवा, बोटाला थुंकी लावू नका.

घरच्या घरी, जवळपास फुकट, एवढं करा. मऊ ब्रशने धूळ झाडा. धुऊन खळ काढलेल्या मांजरपाटाच्या बासनात पोथी बांधा. भिंतीला टेकवू नका, माळ्यावर किंवा मोरीलगत ठेवू नका. आपल्याकडे पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडते आणि बुरशी धरते. पुरात भिजलीच, तर दोन दिवसांच्या आत हालचाल करा. ऊन नको, इस्त्री नको. पानांमध्ये टीपकागद, वर पंखा आणि लगेच तज्ज्ञाला फोन.

मुलं परदेशी असतील तर हेही वाचा. १९७२च्या पुरावशेष कायद्यानुसार ७५ वर्षं किंवा त्याहून जुनं, साहित्यिक, ऐतिहासिक किंवा शास्त्रीय मोल असलेलं हस्तलिखित ‘पुरावशेष’ ठरतं. ते सामानात घालून देशाबाहेर नेता येत नाही. स्कॅन पाठवा. संस्थेला दान देत असाल तर दानपत्र, यादी आणि दाखल क्रमांक घ्या. कुटुंबाला डिजिटल प्रत मिळेल असं त्यात लिहून घ्या.

दुरुस्त पोथी हाती आली की शेवटचा हप्ता देण्याआधी तिथेच बसून पत्रं मोजा, क्रम तपासा, जुन्या फोटोंशी ताडून पाहा आणि मगच सही करा.